बानाईला ओलांडून जाऊ नका

मागच्या महिन्यात मावसबहिणीच्या मुलाचं लग्न झालं आणि रीतीप्रमाणे नव्या जोडप्याला घेऊन आम्ही जेजुरीला गेलो. गाडीवाल्याने पायथ्यालाच सांगून टाकलं, "दीड तासात उरका, पुढे मोरगाव करायचंय." नवरदेवाने नवरीला उचलून पाच पायऱ्या चढवल्या, सगळ्यांनी मोबाईल काढले, येळकोट येळकोट झालं आणि जो तो धापा टाकत वर निघाला. निम्म्या वाटेवर बानाईचं, म्हणजे खंडोबाच्या दुसऱ्या बायकोचं, बानूचं देऊळ आलं तशी मी थांबले. मागून आवाज आला, "मावशी, वर लाइन वाढतेय. येताना बघू." येताना कुणी बघत नाही. उतरताना पाय भरून आलेले असतात आणि पोटात कावळे ओरडत असतात.

माझी आजी, आईची आई, बानाईपाशी बसल्याशिवाय वर जायची नाही. पदराच्या गाठीत खोबऱ्याचे तुकडे बांधलेले असायचे. त्यातला एक बानाईला, एक मला. भंडाऱ्याने पिवळं झालेलं ते खोबरं चघळत मी पायरीवर बसून गोष्ट ऐकायची. माझ्यासाठी जेजुरी म्हणजे ती पायरी.

गोष्ट अशी. खंडोबा आपल्या पहिल्या बायकोबरोबर, म्हाळसेबरोबर सारीपाट खेळायला बसला आणि हरला. पैज होती बारा वर्षांच्या वनवासाची. देव निघाला तो चंदनपुरीला, मालेगावजवळ, बानूच्या बापाच्या वाड्यावर. रूप घेतलं म्हाताऱ्या, फोडांनी भरलेल्या माणसाचं आणि काम मागितलं मेंढरं राखायचं. मार्तंड भैरव, मणी-मल्ल दैत्यांचा काळ, तो धनगराच्या घरी चाकर म्हणून राहिला! बानूला मागणी घालायची वेळ आली तेव्हा मेंढरं धुवायला नदीवर नेली, दगडावर आपटून मारली आणि भंडारा उधळून परत उठवली. मेंढरं जिवंत हवीत तर लेक द्या, अशी अट. आजी इथे नेहमी म्हणायची, "देवसुद्धा अडवून मागतो बघ." तिला हे पटलेलं नसायचं आणि ती ते लपवायचीही नाही.

आता मात्र ही गोष्ट हळूहळू बाजूला पडत चालली आहे. गडावर कुणालाही विचारा, शंकराने मार्तंड भैरवाचा अवतार घेतला, मणी आणि मल्लाला मारलं, एवढं सांगतात. ते खरंच आहे, मल्हारी माहात्म्यात आहे, चंपाषष्ठीला आपण तेच साजरं करतो, वांग्याचं भरीत आणि रोडगा त्याच दिवशीचा. पण बानूचं नाव काढलं की लोक अवघडतात. "देवाला दोन बायका, मुलांना काय सांगायचं?" असं एका शिकल्यासवरल्या नातेवाइकाने मला याच वेळी विचारलं.

मी म्हणते, हेच सांगायचं. म्हाळसा नेवाशाची, लिंगायत वाण्याची लेक. तिच्या लग्नाची यात्रा दर पौषात सातारा जिल्ह्यातल्या पालीला भरते. बानू धनगराची. शिंप्याची रंभाई, माळ्याची फुलाई, अशा आणखी बायकाही लोकांनी सांगितल्या आहेत. ज्या काळी एका जातीचा माणूस दुसरीच्या घरी पाणी पीत नव्हता, त्या काळात लोकांनी आपल्या देवाला घरोघरचा जावई केला. धनगर 'आमचा देव' म्हणतो तो या नात्याने. ही सोयरीक गाळली की उरतो एक लढवय्या देव, आणि तसे देव आपल्याकडे पुष्कळ आहेत.

आणि हा देव खाली उतरणारा आहे. मूळ ठाणं कडेपठारावर, गडाच्याही वर, उंच डोंगरावर. तिथे जाणाऱ्या भक्ताला म्हातारपणी चढवेना, म्हणून देव खालच्या टेकडीवर आला अशी कथा आहे. बानूसाठी उतरला, भक्तासाठी उतरला. वर जायची एवढी घाई आपल्यालाच.

परंपरेतलं सगळंच जपावं असं मी म्हणत नाही. नवसापोटी देवाला मुली वाहायच्या, त्यांची मुरळी करायची, ही रीत क्रूर होती. शिवराम जानबा कांबळे यांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी आपल्या 'सोमवंशीय मित्र' मासिकातून तिच्याविरुद्ध आवाज उठवला. त्यांचं नावही जेजुरीला जाणाऱ्यांना माहीत असावं असं मला मनापासून वाटतं. पण मुली वाहणं थांबावं म्हणून खंडोबाच्या रात्रभर चालणाऱ्या जागरणातली गाणी का विसरायची? बानूची गोष्ट पोथीपेक्षा ती गाणी गाणाऱ्या खंडोबाच्या भक्तांच्या, वाघ्यांच्या गळ्यात जास्त आहे. घरात जागरण घातलं तर तासाभरात आटपा असं त्यांना सांगू नका. त्यांना रात्र द्या.

त्या दिवशी उतरताना मी हट्टाने नव्या जोडप्याला बानाईपाशी बसवलं. पदराला नाही, पर्समधल्या कागदात बांधलेलं खोबरं दिलं आणि आजीने सांगितली तशी गोष्ट सांगितली. नवरी इतका वेळ गप्प होती. तिने एकच विचारलं, "म्हाळसेला कळलं तेव्हा ती काय म्हणाली?"

मला दोघींच्या भांडणाचं थोडंच येत होतं. गडाचा वरचा भाग म्हाळसेचा, खालचा बानूचा, अशी वाटणी झाली एवढं मी सांगितलं. शेजारी एक म्हातारा वाघ्या बसला होता, कपाळभर भंडारा, मांडीवर दिमडी. तो हसला, म्हणाला, "मी सांगतो सूनबाई," आणि त्याने दिमडीवर थाप मारली. म्हाळसा बानूला अंगाला येणाऱ्या मेंढरांच्या वासावरून टोमणे मारते, बानू तिला तुझाच नवरा माझी मेंढरं राखत होता म्हणून ऐकवते, दोघीही हार जात नाहीत. नवरीने पदर सारखा केला आणि पायरीवर मांडी घालून बसली. गाडीवाल्याचे तीन फोन येऊन गेले. मोरगाव त्या दिवशी राहिलं.