जीपीएलची लागण होत नाही

"जीपीएल लायसन्सची एक ओळ जरी प्रॉडक्टमध्ये आली तरी कंपनीचा सगळा सोर्स कोड जगाला द्यावा लागतो. केव्हाही खटला होऊ शकतो. काही बिघडलं तर जबाबदार कुणी नाही. सबब ओपन सोर्स वापरू नका." हा मजकूर थोड्याफार फरकाने कित्येक कंपन्यांत वर्षानुवर्षं फिरतो आहे. जीपीएल (जनरल पब्लिक लायसन्स) हे ओपन सोर्स, म्हणजे प्रोग्रॅमरने लिहिलेला मूळ कोड सगळ्यांना खुला असलेल्या, सॉफ्टवेअरचं एक लायसन्स: वापरा, बदला, पण बाहेर वाटलंत तर कोडही द्या. मी नोकरीला होतो तिथेही तो लीगलकडून आला होता. ज्या मेल सर्व्हरवरून आला, तो लिनक्स या जीपीएलखालच्याच ऑपरेटिंग सिस्टिमवर चालत होता!

'वापरलं की अडकलात' हे तर लायसन्स न वाचताच लिहिलेलं आहे. 1991 च्या जीपीएल आवृत्ती 2 चं कलम 0 म्हणतं की नक्कल, वितरण आणि बदल यांपलीकडे हे लायसन्स कशालाच लागू नाही, आणि प्रोग्रॅम चालवण्यावर बंधन नाही. प्रोग्रॅम बदलून कंपनीतल्या कंपनीत वापरलात तरी कोड कुणाला द्यावा लागत नाही. बाहेर दिलात की अटी सुरू होतात. एजीपीएल या जीपीएलच्या भावंडाचं वेगळं आहे: बदललेला प्रोग्रॅम नेटवर्कवरून लोकांना वापरायला दिलात तर त्यांना कोड मागता येतो. म्हणजे लायसन्सचं नाव तरी नीट वाचायला हवं.

आता 'सगळा कोड उघडा करावा लागतो'. लागण, संसर्ग हे शब्द इथलेच. 2001 मध्ये मायक्रोसॉफ्टचे स्टीव्ह बामर यांनी तर लिनक्सला कॅन्सर म्हटलं होतं. पण जीपीएल उभं आहे कॉपीराइटवर. अट मोडली म्हणजे दुसऱ्याचा कोड परवानगीशिवाय वाटला. त्यावर मालक कोर्टाकडून वितरण थांबवून घेऊ शकतो, भरपाई मागू शकतो. तुमचा कोड आपोआप जीपीएलचा होत नाही. तो भाग काढून टाका, स्वतः नव्याने लिहा, मालकाशी वेगळा करार करा किंवा अट पाळा, निवड तुमचीच.

राउटर बनवणाऱ्या लिंक्सिस कंपनीचं उदाहरण घ्या. त्यांच्या डब्ल्यूआरटी54जी राउटरमध्ये लिनक्स असल्याचं 2003 मध्ये लोकांच्या लक्षात आलं. त्याच वर्षी नेटवर्क उपकरणं बनवणाऱ्या सिस्कोने लिंक्सिस विकत घेतली होती. राउटरचा कोड द्यावा लागला, त्यावरून ओपनडब्ल्यूआरटी ही राउटरसाठीची खुली प्रणाली उभी राहिली. पुढे अटी नीट पाळल्या जात नाहीत म्हणून जीपीएल लिहिणाऱ्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने डिसेंबर 2008 मध्ये सिस्कोवर दावा लावला. मे 2009 मध्ये तडजोड झाली. सिस्कोने अटी पाळण्यावर देखरेखीसाठी माणूस नेमायचं कबूल केलं आणि फाउंडेशनला देणगी दिली. सिस्कोची स्वतःची राउटर चालवणारी आयओएस प्रणाली (ॲपलची नव्हे) मात्र बंदची बंदच राहिली.

खरा वाद आहे तो एका प्रोग्रॅमवर बेतलेलं दुसरं काम नेमकं कशाला म्हणायचं, लायब्ररी (दुसऱ्याने लिहिलेला, आयता वापरायचा कोड) जोडली तर काय, याचा. त्यासाठी वकिलाची फी जरूर मोजा.

खटल्यांची भीती घालण्यात एससीओ या कंपनीचा हात धरणारं कुणी नाही. तिचं म्हणणं, युनिक्स या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमचा आमचा कोड लिनक्समध्ये घातला आहे. मार्च 2003 मध्ये आयबीएमवर अब्ज डॉलरचा दावा, मे महिन्यात सुमारे 1500 कंपन्यांना पत्रं, मग एका प्रोसेसरच्या सर्व्हरमागे 699 डॉलरचं 'लायसन्स'. गंमत म्हणजे ही कंपनी स्वतःच जीपीएलखाली लिनक्स वाटत आली होती. 2007 मध्ये तिचं दिवाळं निघालं. 2010 मध्ये ज्युरीने सांगितलं की युनिक्सचे कॉपीराइट एससीओकडे कधी आलेच नव्हते, ते नोव्हेल या दुसऱ्या कंपनीचे. आयबीएमशी उरलेला वाद 2021 मध्ये 1 कोटी 42.5 लाख डॉलरवर मिटला.

2007 मध्ये मायक्रोसॉफ्टनेही ओपन सोर्सकडून आपल्या 235 पेटंटांचा भंग होतो असं सांगितलं, पण यादी दिली नाही. 2018 मध्ये तीच कंपनी ओपन इन्व्हेन्शन नेटवर्क या, लिनक्सवरून एकमेकांवर पेटंटचे दावे न लावण्याचा करार करणाऱ्यांच्या गटात सामील झाली आणि लिनक्सपुरती 60,000 पेटंटं तिथल्या सदस्यांना खुली केली.

जबाबदारीचं म्हणाल, तर विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरचा करार उघडा. 'आहे तसं' हे शब्द तिथेही मोठ्या अक्षरांत सापडतील. भरपाईची कमाल मर्यादा बहुधा तुम्ही भरलेल्या पैशाएवढीच, आणि वर कंपनीला तुमच्याकडे येऊन ऑडिट करायचा हक्क.

त्या मेलला मी तीन प्रश्न विचारून उत्तर दिलं होतं: कोणती लायब्ररी, कोणतं लायसन्स, आणि ती ग्राहकाकडे जाते का? तीन दिवसांनी एका ओळीचं उत्तर आलं: अशी यादी आपल्याकडे नाही.