जिप्सीचं हब: 'पाच नट जुळले की बसतं' हे खरं नाही

संभाजीनगर-जालना भागातल्या गाडीवाल्यांमध्ये सध्या मारुती जिप्सीच्या हबबद्दल (चाक ज्यावर नटांनी आवळतात तो मधला फिरणारा भाग) एक मेसेज फिरतोय: "कोणत्याही सालच्या जिप्सीचं हब कोणत्याही जिप्सीला बसतं, भंगारातून बिनधास्त उचला." हे अर्धसत्य आहे. जिप्सीचे पाच स्टड (चाकाचे नट ज्यांवर आवळतात ते बोल्ट) ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास 139.7 मिमी असतो, हे बरोबर. पण त्यावरून चाक बसेल एवढंच कळतं. जुन्या जीपचं वर्तुळही तेवढंच. मग जीपचं हब जिप्सीला लावाल का?

हब आतून बघा. बेअरिंगची बैठक नेमक्या मापाची हवी, लॉकिंग हबचे (चाक शाफ्टला जोडणारा-सोडवणारा भाग) आतले दाते शाफ्टच्या दात्यांशी मोजून जुळायला हवेत, आणि ब्रेकची डिस्क असेल तर ती कॅलिपरच्या (डिस्क दाबून धरणारा ब्रेकचा भाग) बरोबर मध्ये फिरायला हवी. शिवाय 1993 मध्ये जिप्सीचा ट्रॅक (डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर) रुंद झाला. त्याआधीचा आणि नंतरचा माल डोळे झाकून अदलाबदल करायचा नाही. बेअरिंग सैल बसलं तर रेस (बेअरिंगची कडी) जागेवरच फिरायला लागते, हब तापतं, चाक डगमगतं. पावसाळ्यात आपल्या काळ्या मातीच्या रस्त्यावर सील नीट बसलेलं नसेल तर चिखल आत गेलाच म्हणून समजा.

भंगारवाल्याकडे जाताना जुना भाग सोबत न्या, व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं साधन) खिशात ठेवा. भंगारवाला "बसतंय की" म्हणेलच.