"पंख आहेत, जातील दुसरीकडे": कुठे ते पण सांगा

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो मेसेज परत फिरून आला, ह्या वेळी तिघांनी टाकला. तुमच्याकडेही आला असेल. थोडक्यात असा: फ्लेमिंगोंना घाण पाणीच आवडतं म्हणून ते मुंबईत येतात आणि दरवर्षी वाढतायत, म्हणजे पाणथळी धोक्यात वगैरे सगळी बोंब, ते सैबेरियाचे पाहुणे, तळं बुजवलं तर पंख आहेत, उडून जातील, राजस्थानात सांभर एवढं मोठं सरोवर आहे ना, आणि नवी मुंबईला एअरपोर्ट झालाय तर आजूबाजूला पक्षी नकोतच. मी भांडुपला राहते, पंपिंग स्टेशनच्या बाजूला खाडीवर बरीच वर्षं दुर्बीण घेऊन जाते, त्यामुळे मलाच पाठवलाय असं समजून लिहिते.

घाणीची गोष्ट अर्धी खरी आहे, म्हणूनच ती चालते. आपल्याकडे जास्त संख्येने येतो तो लहान फ्लेमिंगो, म्हणजे लेसर, तो चोच उलटी करून निळं-हिरवं शेवाळ गाळून खातो आणि सांडपाण्याच्या खतावर हे शेवाळ वाढतं, मान्य. पण शेवाळातही जाती असतात आणि काही विषारी असतात, केनियात बोगोरिया सरोवरावर मेलेल्या फ्लेमिंगोंमध्ये हेच विष सापडलं होतं. शिवाय जेवण असून भागत नाही, बसायला पान लागतं. ते पान म्हणजे ओहोटीला उघडा पडणारा चिखल. गाळ साचून चिखल उंच झाला की त्यावर तिवरं चढतात (तिवरं हवीतच हं, नाहीतर उद्या माझ्या नावाने तोही मेसेज फिरेल), पण फ्लेमिंगो झाडीत उतरत नाही.

आता "वाढतायत". हो, ठाणे खाडीत एकेका सीझनला लाखाच्या वर फ्लेमिंगो मोजलेत. पण रविवारी मेन लाईनला मेगाब्लॉक असला की हार्बरच्या गाडीत पाय ठेवायला जागा नसते, म्हणून मुंबईची लोकसंख्या रविवारी वाढते का? एका ठिकाणची गर्दी बघून पक्षी वाढले म्हणता येत नाही, बाकीच्या जागा आटल्या तरी इथे गर्दी होणारच. फ्लेमिंगो एका वेळी एकच अंडं घालतो, ते पण इथे नाही, आणि तो जगतो वीस-तीस वर्षं, म्हणजे पिल्लं कमी झाली तरी खाडीवर कितीतरी वर्षं सगळं गुलाबीच दिसेल. लेसर फ्लेमिंगो धोक्यातल्या प्रजातींच्या जागतिक यादीत "संकटाच्या जवळ" ह्या खान्यात आहे.

सैबेरियाचं सोडून द्या. आपल्याकडचे बहुतेक गुजरातेतून येतात, कच्छच्या रणात त्यांची मातीची घरटी असतात. आणि दोन दिवस नाही, साधारण डिसेंबरपासून मे-जूनपर्यंत राहतात. अर्धं वर्ष राहणारा कसला पाहुणा.

खरी गंमत "पंख आहेत" मध्ये आहे. खाडीला दिवसातून दोनदा भरती येते, चिखल पाण्याखाली जातो, मग हे सगळे उठून जवळच्या उथळ पाण्यात येऊन उभे राहतात, म्हणजे आमची भांडुपची तळी, नेरुळचं डीपीएस तळं, सीवूड्सचं एनआरआय, टी. एस. चाणक्य, उरणकडे पाणजे, भेंडखळ. पाणी उतरलं की परत खाडीत. 2015 ला ठाणे खाडीचं अभयारण्य झालं, 2022 ला रामसर दर्जा (महत्त्वाच्या पाणथळींची जागतिक यादी) मिळाला, पण ही भरतीची बरीचशी तळी अभयारण्याच्या हद्दीबाहेर राहिली. म्हणजे जेवायचं ताट सांभाळलं आणि पाठ टेकायची जागा वाऱ्यावर. डीपीएस तळ्यात भरतीचं पाणी यायच्या वाटा बंद झाल्या, तळं सुकत गेलं आणि 2024 च्या उन्हाळ्यात तिथे मेलेले फ्लेमिंगो मिळाले. पंख त्यांनाही होतेच की! 2025 मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने त्या तळ्याला संवर्धन राखीव करायला मान्यता दिली, म्हणजे ते नुसतं डबकं नाही हे सरकारलाही पटलंय.

आणि सांभर! मेसेज लिहिणाऱ्याने निदान गूगल तरी करायचं. 1990 पासून रामसर यादीत असलेलं सरोवर, पण वरच्या नद्यांवर जागोजागी बांध, काठाला मिठासाठी बेकायदा बोअरवेल, पाणी येणार कुठून. नोव्हेंबर 2019 मध्ये तिथे अठरा हजारांच्या आसपास पक्षी मेले. बरेलीच्या पशुवैद्यकीय संस्थेने कारण दिलं बॉट्युलिझम. त्याचे जिवाणू चिखलात असतात, मेलेल्या पक्ष्यात वाढून विष तयार करतात, त्या मढ्यावरच्या अळ्यांना त्या विषाने काही होत नाही पण अळी खाणारा पक्षी लुळा पडतो, पंख उचलत नाहीत, मान पाण्यात पडते आणि बुडून मरतो, मग त्याच्यावर परत अळ्या. मेलेले पक्षी पटापट उचलले नाहीत तर हे चक्र थांबतच नाही. तर ही आपली "दुसरीकडे".

राहिला एअरपोर्ट. 20 मे 2024 ला रात्री घाटकोपरला विमानाच्या धडकेत तीसच्या वर फ्लेमिंगो गेले, तो फोटो मेसेजला जोडलाय. भीती खरी आहे, उपाय उलटा आहे. तळं बुजवलं म्हणून भरती यायची थांबत नाही, चिखल बुडला की थवा उठणारच आणि नेहमीची जागा नसेल तर घिरट्या घालत मोकळी, सपाट, माणूस नसलेली दुसरी जागा शोधणार. बीएनएचएसवालेही (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी, पक्ष्यांचा अभ्यास करणारी संस्था) हेच सांगत आलेत की उरण-नेरुळची तळी राखा, नाहीतर पक्षी एअरपोर्टच्या आवारात येतील. त्या पट्ट्यात रनवेपेक्षा मोकळी आणि सपाट जागा कुठली उरलीये?