घरात एकाचा मूड आणि बाकीच्यांचा जीव मुठीत

आपल्याकडं कुणाचा मूड सारखा वर-खाली होत असला की घरचे एकच म्हणतात, "स्वभावच तसला हाय त्यो, मनाला लावून घेऊ नको." झालं, विषय संपला. मला हे अजिबात पटत नाही.

सकाळी हसत चहा घेतलेला माणूस दुपारी ताट भिरकावतो आणि संध्याकाळी रंकाळ्यावरनं सगळ्यांना भेळ घेऊन येतो. त्याला स्वतःलाच लाज वाटत असती ओ, पण "चुकलं माझं" म्हणायला जीभ रेटत नाही म्हणून भेळ. भेळेनं त्या दिवसाचं भागतं, बोलायचं ते राहूनच जातं. आणि पोरं? त्यांना गाडीच्या आवाजावरनंच कळतं आज पप्पा कसल्या मूडमध्ये आलेत, लगेच टीव्ही बंद, पुस्तक उघडं. मला या पोरांचंच सगळ्यात वाईट वाटतं, कारण आपल्याला काय वाटतंय ते बाजूला ठेवून दुसऱ्याचा चेहरा वाचायची सवय लागते आणि मोठेपणी बायको नाहीतर साहेब जरा गप्प बसले तरी माझंच काय चुकलं म्हणून पोटात गोळा येतो.

बाईचं असलं तर वेगळंच. पुरुषाचा तो राग आणि बाईची ती नाटकं! माझ्या मावशीला कितीतरी दिवस हेच ऐकवलं, शेवटी रक्त तपासलं तर थायरॉईड निघाला. पाळीच्या आधीचे दिवस, बाळंतपणानंतरचे महिने, पाळी जायची वर्षं, या सगळ्यात हार्मोन खाली-वर होतात. बी१२ कमी असलं तरी चिडचिड होऊ शकते. आणि आमच्या कोल्हापुरात शिरोली, गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत शिफ्टमध्ये राबणाऱ्यांच्या झोपेचं काय होतं ते त्यांच्या घरात विचारा, झोपच नसली तर डोकं जाग्यावर राहणार कसं.

एखादा माणूस सलग काही दिवस दोन-तीन तासच झोपतो तरी दमत नाही, नुसती बडबड, पैसे उडवणं, नंतर आठवडेच्या आठवडे अंथरुणातनं उठत नाही, असं दिसलं तर ते बायपोलर असू शकतं. त्याला औषध आहे, लिथियम तर १९४९ पासून माहीत आहे.

कारण सापडलं म्हणजे वागणं माफ असं मी म्हणत नाही हं. बोललेलं लागतंच, माफी मागायलाच पाहिजे, आणि हात उचलला जात असेल तर मूडबिड नंतर बघू, आधी तुम्ही पोरांना घेऊन सुरक्षित ठिकाणी जावा.

मनाच्या त्रासाबद्दल फोनवर बोलायला टेलिमानस हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६, सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी दवाखान्यात पण मानसोपचाराचे डॉक्टर आहेत. तिथं कुणी ओळखीचं बघेल म्हणून एकटीला जायला नको वाटत असेल तर मला इनबॉक्स करा, मी येते सोबत.