गोष्ट एकट्या आजीच्या गळ्यात नको

घरात आम्ही अकरा जण. त्यात पाच पोरं, अडीच वर्षांपासून नऊ वर्षांपर्यंतची. रात्री अंथरुणं पडली की पाचही जण सासूबाईंच्या खोलीत. गेल्या दिवाळीनंतर त्यांचा घसा बसला, खोकला महिनाभर हटेना, तरी "आजी, गोष्ट!" काही थांबेना. तेव्हा जाणवलं, 'त्यांना आवडतं' म्हणत एवढी वर्षं हे काम आपण सगळ्यांनी खुशाल त्यांच्यावर टाकलं होतं.

आता वार ठरलेत. सोमवार माझा, गुरुवार भाऊजींचा, शनिवारी नऊ वर्षांचा पुतण्या सांगतो.

लोक म्हणतात, वयाप्रमाणे गोष्टी वेगळ्या हव्यात. मला मुळीच पटत नाही. आपल्या जुन्या गोष्टींची घडणच सगळ्यांना सामावून घेणारी आहे. भिजलेला काऊ दारात उभा, आणि चिऊ आतून सांगते, थांब, बाळाला आंघोळ घालते. थांब, तीट लावते. ही यादी हवी तेवढी वाढवता येते. आमच्याकडे प्रत्येकाला एकेक 'थांब' मिळतो. सात वर्षांची म्हणते, "थांब, बाळाचा डबा भरते." धाकटीला नुसतं 'ठकठक' येतं, पण तेवढ्यासाठी ती टक्क जागी असते. पुतण्यानं परवा विचारलं, "पण चिऊनं त्याला लगेच आत का नाही घेतलं?" भाऊजींना उत्तर सुचेना. मग पोरंच अर्धा तास त्यावर भांडली. मला तर त्या रात्रीची खरी गोष्ट तीच वाटली.

चित्रांच्या पुस्तकांचं मात्र वेगळं. पाच डोकी एका पानावर वाकली की कुणालाच दिसत नाही, नुसती ओढाओढ. ती आम्ही दुपारी वाचतो, मांडीवर एकच पोर घेऊन. 'प्रथम बुक्स' या प्रकाशन संस्थेच्या 'स्टोरीवीव्हर' या वेबसाइटवर मराठी पुस्तकं फुकट मिळतात, सोप्यापासून अवघडापर्यंत पातळ्या लावलेली. पुतण्या त्यातली सोपी धाकटीला वाचून दाखवतो. शाळेत मोठ्यानं वाचायला बिचकणारा हा मुलगा तिच्यासमोर अजिबात बिचकत नाही.

काल भोपळ्यातल्या म्हातारीची गोष्ट होती. सासूबाईंच्या गोष्टीत तिला आधी कोल्हा भेटतो, माझ्या माहेरी आधी वाघ. मी वाघ आणल्याबरोबर पोरं उठून बसली, "चुकलं, चुकलं!" सासूबाई भिंतीला टेकून ऐकत होत्या. म्हणाल्या, "सांगू दे रे तिला तिच्या आईची. मला कुणी गोष्ट सांगून किती वर्षं झाली."