दोन-चार एकरवाला नवं घेत नाही, हे कोण म्हणते?

चार दिवसांपासून गावच्या ग्रुपवर एक मेसेज फिरून राहिला आहे, की गव्हाचं नवीन तंत्रज्ञान फक्त मोठ्या शेतकऱ्यालेच जमते, लहान शेतकरी जुन्या विचारात अडकला आहे, म्हणून जमिनी एकत्र करून मोठ्यांच्या हाती द्या. माझ्या काकांची पारशिवनीकडे तीन एकर शेती आहे, हे वाचून राहवलं नाही.

पहिले बियाण्याचं पाहू. एकराला 40-50 किलो बी लागते, जेवढी जमीन तेवढं आणा, वाण तर तोच ना भाऊ. 1966 मध्ये मेक्सिकोहून बुटक्या गव्हाचं 18,000 टन बी आलं तेव्हा आधी मोठ्यांनी पेरलं हे खरं आहे, कारण त्यांच्याजवळ पाणी होतं, खताले पैसा होता, एक हंगाम फसला तरी घर चालत होतं. पण काही वर्षांतच लहान शेतकऱ्यांनीही कल्याणसोना, सोनालिका हे बुटके वाण लावलेच. विचारात अडकले असते तर लावले असते का?

ट्रॅक्टर विकत घेणं तीन एकरात परवडत नाही, मान्य. पण रोटावेटर, पेरणीयंत्र, थ्रेशर सगळं भाड्यानं मिळते अन् लोकं लावतात. हार्वेस्टर काका लावत नाहीत, कारण घरी दोन बैल अन् एक गाय आहे, हार्वेस्टर काडी शेतातच टाकून जाते, थ्रेशरमधून कुटार, म्हणजे भुसा, घरी येते, ते जनावरांले किती महिने पुरते हे ज्याच्या गोठ्यात जनावर आहे त्यालेच विचारा. याले मागासपणा म्हणू नका, हा पक्का हिशोब आहे.

खरी अडचण ओलीताची आहे. पेरल्यावर 18 ते 21 दिवसांत मुकुटमुळं, म्हणजे खोडाच्या बुडाशी येणारी मुख्य मुळं, फुटतात, तेव्हाचं पाणी चुकलं की फुटवे, म्हणजे बुडातून निघणाऱ्या बाजूच्या काड्या, कमी होतात, अन् इथं कॅनॉल केव्हा सुटेल भरोसा नाही, विहिरीवर मोटर आहे तर लाईन, म्हणजे वीज, रात्रीची, थंडीत माणूस बॅटरी घेऊन पाण्याचे दांड वळवून राहिला आहे. सोयाबीन उशिरा निघालं की पेरणी 15 नोव्हेंबरच्या पुढे जाते, मग मार्चच्या गर्मीत दाणा बारीक पडते. निफाडच्या गहू संशोधन केंद्राचं नेत्रावती हे वाण कमी पाण्यासाठीच आहे, ते बी वेळेवर गावात द्या, लाईन दिवसा द्या, मग लहान शेतकऱ्याची परीक्षा घ्या.

अन् जमिनी मोठ्यांले द्या म्हणणाऱ्यानं 2015-16 ची कृषी गणना पाहावी, देशातले 100 पैकी 86 खातेदार 2 हेक्टरच्या आतले आहेत. त्यांनी जमीन देऊन जायचं कुठं, हे त्या मेसेजमध्ये कुठंच लिहिलं नाही.