रेसिंग ट्रॅकवर चालवायला शिकायचं असेल तर पहिली बाइक दीडशे सीसीचीच घ्या

आज दुपारपासून डोकं फिरलंय. पोस्ट लांब होणार आहे, पण वाचा.

सेकंडहँड बाइकच्या एका दुकानात एक बापलेक आले होते, बारामतीकडचे. पोरगा एकोणीस वर्षांचा, उंची जेमतेम पाच फूट चार इंच, पुण्यात डिप्लोमाला. त्याला एकच गाडी हवी होती. रोज कॉलेजला न्यायची आणि जमेल तेव्हा कोईमतूरला नाहीतर चेन्नईला ट्रॅकवर. सेल्समनने त्याला थेट केटीएमच्या आरसी ३९० वर बसवलं. दोन्ही पाय चवड्यांवर, मनगटं ताणलेली, चेहऱ्यावर मात्र दिवाळी. "ट्रॅकलाही हीच, कॉलेजलाही हीच, परत अपग्रेडचा खर्च नको." वडिलांनी एकच विचारलं, "दादा, ही पेट्रोल किती पिती?" सेल्समन हसला आणि हप्त्याचा कागद पुढे सरकवला.

त्या हसण्याचा राग आलाय मला.

त्या गाडीचं मागचं टायर मधोमध चपटं झालं होतं, म्हणजे आयुष्यभर सरळ रस्त्यावर पळवलेली. मागच्या स्प्रॉकेटचे, म्हणजे चेन ज्यावर फिरते त्या चाकाचे, दात झिजून एका बाजूला हुकासारखे वाकलेले. हँडल पूर्ण वळवलं की जिथे अडतं त्या लॉक स्टॉपरवर खोल खड्डा होता. असा खड्डा सहसा गाडी जोरात आपटल्याशिवाय पडत नाही. फेअरिंग, म्हणजे बाहेरचं प्लास्टिकचं आवरण, नवं बसवता येतं, स्टिकर नवे लावता येतात, स्टॉपरकडे मात्र कुणी बघत नाही. पोरगाही आरशात स्वतःला बघत होता.

आता गाड्यांचं बोलू. यामाहाची आर१५ व्ही४ म्हणजे १५५ सीसी, १८.४ पीएस (पीएस म्हणजे इंजिनाची ताकद, हॉर्सपॉवरच समजा), वजन १४२ किलो. आरसी ३९० म्हणजे ३७३ सीसी, ४३.५ पीएस, वजन १७२ किलो. फरक ३० किलोचा, म्हणजे घरातला एक भरलेला गॅस सिलिंडर. पार्किंगमधून गाडी मागे ओढताना आणि सिग्नलला एका पायावर तोलताना तो सिलिंडर रोज उचलायचाय. आणि ट्रॅकवर ब्रेक मारताना तो पुढच्या टायरवर येणार, ते वेगळंच.

३९० ची चेसिस भारी आहे, ब्रेक भारी आहेत, मान्य. शिकलेल्या माणसाच्या हातात ती सोनं आहे. पण नवख्याच्या हातात तिचा टॉर्क, म्हणजे खेचायची ताकद, चुका झाकतो. वळणात चुकीच्या जागी शिरला, नको तितका ब्रेक मारला, तरी बाहेर पडताना थ्रॉटल पिळला की गाडी निघून जाते आणि पोराला वाटतं आपल्याला जमलं. दीडशेवर तसं होत नाही. वळणात ताशी दहा किलोमीटरचा वेग फुकट घालवला की तो परत मिळवायला पुढची अख्खी सरळ पट्टी जाते. प्रत्येक चूक लॅप टायमरवर, म्हणजे ट्रॅकच्या एका फेरीच्या वेळेत, दिसते. कोईमतूरचा कारी ट्रॅक दोन किलोमीटरच्या आसपासचा, वळणावळणांचा. तिथे वळणातला वेग राखता आला नाही तर नुसती पॉवर असून भागत नाही. राष्ट्रीय चॅम्पियनशिपमध्येही १६५ सीसीचे वर्ग आहेतच, म्हणजे दीडशेवर शिकला तर रेसिंगचा दरवाजा बंद होत नाही.

मधल्या गाड्यांचंही सांगतो, नाहीतर खाली विचारालच. केटीएमच्याच आरसी २०० मध्ये २५ पीएस, १६० किलो, ट्रॅकसाठी छान पायरी, पण शहरात मनगटांचा जीव काढते. सुझुकीची जिक्सर एसएफ २५० ऑइल कूल्ड (इंजिन ऑइलने थंड होतं), बसणं सरळ, रोजच्यासाठी यातली सगळ्यात सोसणारी. टीव्हीएसची अपाचे आरआर ३१० हायवे आणि ट्रॅक दोन्ही नीट सांभाळते, कुणी दुसरी गाडी म्हणून घेत असेल तर मी आधी हीच सुचवेन. एप्रिलियाची आरएस ४५७ खुद्द बारामतीत बनते, पोराचा त्यावरही डोळा होता. तिची पॉवर ४७.६ पीएस आहे. पहिली गाडी म्हणून नको, बाळा.

शहरात मनगटं का दुखतात तेही समजून घ्या. ट्रॅकवर शंभरच्या पुढे वारा छातीला उचलून धरतो, हातांवर भार येत नाही. सिंहगड रोडला पंधराच्या वेगात वारा कुठला? सगळा भार क्लिप-ऑनवर, म्हणजे या गाड्यांच्या खाली बसवलेल्या हँडलवर. उपाय एकच, गुडघ्यांनी टाकी घट्ट धरायची, कोपर सैल ठेवायचं. टाकीला ग्रिप पॅड लावा, स्वस्तात काम होतं. हँडल उंच करणारे रायझर लावून गाडी वाकडीतिकडी करू नका, फुल लॉकला हँडल फेअरिंगला घासतं आणि ब्रेकची नळी ताणली जाते.

आर१५ चं व्हीव्हीए, म्हणजे इंजिनाच्या व्हॉल्व्हची उघडझाप बदलणारी यंत्रणा, ७,४०० आरपीएमला कॅम (व्हॉल्व्ह ढकलणारा भाग) बदलतं. त्याच्या खाली ती कॉलेजची गाडी, शहरात चाळीसच्या घरात ॲव्हरेज देते. त्याच्या वर ती ट्रॅकची. हो, हायवेला शंभरच्या पुढे ओव्हरटेक करताना ती कमी पडते. पडू दे.

मागे १५० मिलिमीटर रुंदीचं टायर टाकू नका. कंपनीचं १४०/७० आहे, म्हणजे १४० रुंदीचं. अरुंद रिमवर रुंद टायर चढवलं की ते चिमटतं, गोलाई बदलते आणि गाडी वळणात पडायला जड जाते. पुढचं स्प्रॉकेट १४ दातांचं काढून १३ चं करायचं तर आखूड ट्रॅकसाठी करा. त्याच आरपीएमला वेग सात टक्क्यांनी घटतो, म्हणजे जिथे शंभर होता तिथे ९३. रोज हायवेला असेल तर इंजिन उगाच ओरडत राहील. कारचं ऑइल तर अजिबात नको. त्यात घर्षण कमी करणारे घटक असतात आणि आपला क्लच त्याच ऑइलमध्ये भिजलेला, तो घसरणारच. डब्यावर जासो एमए किंवा एमए२ (बाइकच्या ऑइलची प्रत) लिहिलेलं बघून घ्या.

ट्रॅकवर जाताना आरसे, इंडिकेटर, नंबरप्लेट, साइड स्टँड काढा. हेडलाइटला टेप मारा. ड्रेन बोल्ट आणि ऑइल फिल्टरच्या बोल्टांना लॉकवायर करा, म्हणजे ते सैल होऊ नयेत म्हणून तारेने बांधा. कूलंट काढून डिस्टिल्ड वॉटर भरा, कारण कूलंटमधला ग्लायकॉल ट्रॅकवर सांडला तर पाण्यासारखा सुकत नाही आणि मागून येणारा त्यावर घसरतो. घरी आल्यावर कूलंट परत भरायला विसरू नका, नुसतं पाणी आतून गंज धरतं. ब्रेक फ्लुइड नवं, डॉट ४. जुन्याने हवेतली ओल ओढलेली असते, चार-पाच लॅपनंतर ते उकळतं आणि लिव्हर हँडलला टेकतो. नेमका सरळ पट्टीच्या शेवटी. टायरमधली हवा लॅपवरून आल्या आल्या, गरम असताना मोजा. चेन माणूस बसलेला असताना तपासा, स्टँडवर ताठ केलेली चेन बसल्यावर आणखी ताणते आणि गिअरबॉक्सचं बेअरिंग खाते.

हे त्या सेल्समनने सांगितलं? नाही. ३५० सीसीच्या वर गेलं की थर्ड पार्टी विम्याचा हप्ता दुपटीहून जास्त होतो, सांगितलं? नेहमीच्या विम्यात रेसिंग बसत नाही, ट्रॅकवर आपटली तर क्लेम शून्य, सांगितलं? एकोणीस वर्षांच्या पोराला तुम्ही ४३ पीएस विकताय आणि हेल्मेट कुठलं आहे विचारत नाही? उद्या हाच पोरगा ताम्हिणी घाटात रीलसाठी गुडघा टेकवायला जाईल, समोरून एसटी येईल. चीड येते हो. घाट म्हणजे ट्रॅक नव्हे. तिथे खडी असते, म्हशी असतात, कुणाचं तरी कुटुंब असतं.

असो. सेल्समनलाही टार्गेट असेल, त्याचंही घर चालायचंय.

पण मला राहून राहून ते वडील दिसतायत. पोरगा फोटो काढत होता आणि ते सीटवर हात ठेवून उभे होते, बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा. गाडीतलं त्यांना काही कळत नव्हतं, पण विचारलं ते बरोबर विचारलं. ३९० ने शहरात पंचवीस-सव्वीस दिलं तरी पुष्कळ.

त्यांनी कागदावर सही केली नाही, "बघतो" म्हणून निघाले. बाहेर गाठून थोडं बोललो, पोरगा नाराज झाला. होऊ दे.

पोरा, ही पोस्ट तुझ्यापर्यंत पोचली तर ऐक. वापरलेली आर१५ व्ही३ बघ, २०१९ ची किंवा नंतरची, ड्युअल चॅनल (दोन्ही चाकांचं) एबीएस तेव्हापासून आलं. उरलेल्या पैशातून लेदर सूट, बॅक प्रोटेक्टर, घोट्याच्या वर जाणारे बूट, मनगट झाकणारे ग्लोव्ह्ज आणि चांगलं फुलफेस हेल्मेट. साठ-सत्तर हजार सहज जातील, जाऊ दे. गाडी बघायला जाशील तेव्हा मला बोलव. सकाळी जाऊ. मालकाला आधीच सांगून ठेव, आम्ही येईपर्यंत स्टार्ट करू नका म्हणून. थंड इंजिन पहिल्यांदा सुरू होताना धूर आणि आवाज लपत नाहीत. आणि बाबांनाही घेऊन ये.